पोटी आलेला बाप

स्वतःच्या पोटच्या पोराला 'अहो' म्हणणारा बाप मी आयुष्यात एकच पाहिला. मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर, माझ्या दारासमोरच्याच दारात ते राहायचे. सगळी बिल्डिंग त्यांना भाऊ म्हणायची. भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचे. बोरिवली असो की घाटकोपर, कुठे लिफ्ट अडकली की कंपनी त्यांना धाडायची, आणि हा माणूस हातात हत्यारांची पिशवी घेऊन बाराव्या मजल्यावर जिन्याने चढून जायचा. लिफ्ट चालू करायची, लोकांना आत बसवायचं, स्वतः पुन्हा जिन्याने खाली. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "आतलं सगळं बघितलंय ना ताई, म्हणून."

त्यांच्या तऱ्हा सांगायला बसले तर संध्याकाळ होईल. केळ्याच्या चकत्या करून काट्याने खायचे. जिन्यात मांजर झोपलं असेल तर ते आपणहून उठेपर्यंत पायरीवर उभे राहायचे, मग कामाला उशीर होवो नाहीतर काहीही होवो. डाव्या कानाने त्यांना अजिबात ऐकू येत नसे, त्यामुळे बोलता बोलता ते समोरच्याभोवती हळूहळू फिरत आणि त्याला आपल्या उजव्या बाजूला आणून ठेवत. नवीन माणसाला वाटायचं, हे निसटायला बघताहेत. आणि एक वाक्य त्यांच्या तोंडात सारखं असायचं, "बघू, काय घेऊन आलंय." नवा वॉचमन आला, बघू काय घेऊन आलाय. आंब्याची पेटी उघडली, बघू काय घेऊन आलीय. त्यांचं म्हणणं असं, की जो तो आपलं आपलं घेऊनच येतो. आपण फक्त झाकण उघडायचं. आम्ही हसायचो. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू.

त्या 'अहो'ची गोष्ट अशी. भाऊंचे वडील वारले आणि चार महिन्यांनी भाऊंना मुलगा झाला. उजव्या कानामागे तीळ, म्हाताऱ्याच्या होता अगदी तिथेच. बस्स. भाऊंच्या आईने बाळ पाहिलं, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "तेच इले परत." गेलेला माणूस पोटी परत आला, असं कोकणातल्या कितीतरी घरांत म्हणतात; आमच्याकडेही म्हणतात. पण म्हणायचं आणि सोडून द्यायचं असतं. या माउलीने सोडलं नाही. ती पाळण्यासमोर बसायची ती पदर घेऊन. बाळाचं नाव सुजित ठेवलं, पण तिने ते कधी घेतलं नाही, नवऱ्याचं नाव घेतल्यासारखं होईल म्हणून. मी एकदा बाळाचे गाल ओढत "काय रे लबाडा" म्हटलं, तर माझ्यावर धावून आली. "माज्या घोवाक अरे-तुरे करतंस गो? लाज नाय तुका?"

आता हा म्हातारा गेला तेव्हा सुनेला पाचवा महिना संपत आला होता. म्हणजे मरायच्या आधीच तो पोटी येऊन बसला होता म्हणायचं. पण हा हिशेब त्या घरात कोण मांडणार? वहिनी, म्हणजे भाऊंची बायको, गरीब गाय. सासूबाईंसमोर तीही तान्ह्या मुलाला 'अहो, दूध पिता ना' म्हणायची आणि मागे वळून माझ्याकडे बघत हसू दाबायची. सुजित पाच वर्षांचा असताना म्हातारी गेली. तेराव्यानंतर आम्ही सगळे बिनधास्त अरे-तुरे करायला लागलो, वहिनीसुद्धा. भाऊ मात्र 'अहो'वरच राहिले.

"सवय झाली हो," असं ते म्हणायचे. सवय नव्हती ती.

त्यांच्या वडिलांबद्दल मला वहिनीकडूनच कळलं. गिरणीत होते. संपानंतर घरी बसले ते बसलेच. गिरणीतल्या मशीनचा एक चामडी पट्टा त्यांनी संपाच्या कितीतरी आधीच घरी आणून ठेवला होता आणि तो फक्त भाऊंसाठी होता. दार लावून मारायचे. भाऊंचा डावा कान त्यातच गेला, नऊ वर्षांचे असताना, भात सांडला म्हणून. हे सगळं भाऊ बायकोला सांगत ते बंद पडलेल्या मोटरबद्दल सांगावं तसं, आवाज न बदलता.

आणि अशा माणसाच्या घरी सुजितसारखं पोर जन्माला यावं! मुलं आपापला स्वभाव घेऊन येतात हे मलाही मान्य आहे, मी तीन वाढवलीत. सुजित तापटच होता. तान्हा असल्यापासून. रडायला लागला की श्वास कोंडून निळा पडायचा, मग वहिनी घाबरून त्याच्या तोंडावर पाण्याचे हबके मारायची. दोन वर्षांचा झाला तर जमिनीवर डोकं आपटायचा. माझा मधला अगदी तस्साच होता. जेवायला बसला की तोंड घट्ट मिटायचा, मी ओरडायचे, तो थुंकायचा, मी फटका द्यायचे, तो ताट उलटं करायचा. पोर हट्टी म्हणून मी चिडकी, आणि मी चिडकी म्हणून पोर आणखी हट्टी. कुणी कुणाला बिघडवलं ते देवालाच ठाऊक. त्या फटक्यांची मला आजही लाज वाटते. पण त्यातली एक गोष्ट खरी होती, की भांडण आम्हा दोघांचं होतं. रात्रीचं जेवण होईपर्यंत तो माझ्या मांडीवर असायचा.

सुजितच्या रागाला समोर कुणी नव्हतंच. तो किंचाळायला लागला की भाऊ चपला घालायचे आणि खाली जायचे. गेटजवळ उभे राहायचे, दोन्ही हात मागे बांधून. वर शांत झालं असं वहिनीने खिडकीतून खुणावलं की यायचे. सुरुवातीला पोर अजून जोरात रडायचं, बाप परत यावा म्हणून. मग मोठं झाल्यावर खिडकीतून वस्तू फेकायला लागलं. चमचा, पावडरचा डबा, एकदा तर वहिनीची चप्पल. गेटजवळ भाऊ ते उचलायचे, रुमालाने पुसायचे, घेऊन वर यायचे आणि जागच्या जागी ठेवायचे. "घ्या, तुमचं पडलं होतं," असं म्हणायचे. चार वर्षांच्या मुलाला.

सुजितच्या पाठीवर तीन वर्षांनी दीपा झाली. ही जिथे ठेवाल तिथे झोपणारी, कुणाच्याही कडेवर जाणारी. आणि काय सांगू, तिच्यासमोर भाऊ एकदम वेगळा माणूस! तिला पाठीवर घेऊन जिना चढायचे, तिच्या वेण्या घालायचे, तिने गणितात दिवे लावले की सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं ओरडायचे, "अगं ए म्हशी, सात आणि आठ किती?" ती खिदळायची. एकदा ती हात सोडून रस्त्यावर धावली, रिक्षा अगदी अंगाला घासून गेली, तर भाऊंनी भर रस्त्यात तिला एक धपाटा घातला आणि दुसऱ्या क्षणी छातीशी धरून स्वतःच रडायला लागले. सुजित तिथेच उभा होता, माझा हात धरून. दहा वर्षांचा असेल. तो त्या दोघांकडे बघत होता, दुसऱ्याच्या ताटाकडे बघावं तसं. मी म्हटलं, "चल रे, वडापाव खाऊ." तो म्हणाला, "नको."

त्याच आठवड्यात तो माझ्याकडे आला. मी पोळ्या लाटत होते, तो ओट्याला टेकून उभा.

"काकू, पप्पा माझ्यावर ओरडत का नाहीत?"

"बरंय की मग. मज्जा आहे तुझी."

"दीपावर ओरडतात. तिला मारलं पण. मी काय केलंय?"

आता इथे माझी जीभ घसरली. मला वाटलं, गंमत करून पोराला हसवावं. मी म्हटलं, "तुझ्यावर कसे ओरडतील रे? तू त्यांचा बाप ना!" आणि मग पदर घेऊन बसणारी आजी, तीळ, पट्टा, सगळं सांगत गेले. पोळी तव्यावर करपेपर्यंत. मुलांना अशा गोष्टी आवडतात. तो हसला नाही. त्याने फक्त विचारलं, "आजोबा पप्पांना काय हाक मारायचे?" मी म्हटलं, ते काही मला माहीत नाही, तुझ्या आईला विचार.

त्याने विचारलं असणार. कारण पुढच्या रविवारी मी वहिनीकडे सुकटीची चटणी द्यायला गेले, तर सगळे जेवत होते. सुजितचं जेवण झालं होतं आणि तो खुर्चीवर बसला होता, पाय पसरून. आवाज अजिबात न चढवता तो म्हणाला, "बुळ्या, पाणी."

भाऊ उठले. हातातला घास ताटात ठेवला, हात धुतला, माठातून पेला भरून आणला आणि मुलासमोर धरून उभे राहिले. मान खाली. चाळिशी उलटलेला माणूस, पण उभा राहिला तो नऊ वर्षांच्या मुलासारखा. दीपाला वाटलं नवीन खेळ आहे, ती टाळ्या पिटायला लागली.

सुजितने पेला घेतला. ते पोर बापाच्या चेहऱ्याकडे बघत होतं, आता मारतील, आता कान धरतील, आता काहीतरी म्हणतील. मला ते अगदी स्पष्ट दिसलं, कारण माझा मधला ताट उलटं करायच्या आधी माझ्याकडे अगदी तसाच बघायचा. भाऊंनी काहीच केलं नाही. मग सुजितने पेला भिंतीवर फेकला आणि तोंडाला येईल ते बोलत सुटला. भाऊंनी फडकं आणलं, गुडघ्यावर बसले आणि पाणी पुसलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना जिन्यात गाठलं. मला राहवत नव्हतं. अर्धा राग स्वतःचाच होता.

"भाऊ, अहो पोर आहे ते तुमचं. तुम्ही शिकलेले, मशीनमधली माणसं. हे आजोबा-बिजोबा खरं मानता?"

"नाही मानत," ते म्हणाले आणि सवयीने मला उजव्या बाजूला घेतलं. "डोकं नाही मानत ताई. पण तो चिडला ना, की पाठ मानते."

"मग ओरडा ना त्याच्यावर! दीपावर ओरडता तसं."

"दीपाला बघून माझ्यात काही हलत नाही. याला बघून हलतं." थोडा वेळ ते कठड्यावर हात घासत राहिले. "आमचे बाबा एकदा सुरू झाले की थांबायचे नाहीत. ते याच्यात आलेत की माझ्यात आहेत, तेच मला कळत नाही. म्हणून लांब राहतो. माझा हात उठलाच नाही तर प्रश्नच नाही ना?"

त्या क्षणी मला ते शहाणपणाचंही वाटलं. एवढा मार खाल्लेला माणूस पोराला बोटसुद्धा लावत नाही, याला वाईट बाप कसं म्हणायचं? बिल्डिंगमधल्या बायका तर नवऱ्यांना भाऊंचं उदाहरण द्यायच्या.

पुढे सुजित जसा व्हायला हवा होता तसाच झाला. म्हणजे भाऊंच्या मते जो होताच, तो. शाळेत मारामाऱ्या, कुणाचं डोकं फोड, कुणाची सायकल मोडून ठेव. शाळेतून बोलावणं आलं की भाऊ जायचे, हेडमास्तरांसमोर उभे राहायचे आणि म्हणायचे, "तो घेऊनच आलाय सर, काय करणार?" सुजित शेजारी उभा राहून हे ऐकायचा. बाप कधीतरी आपली बाजू घेईल किंवा निदान सगळ्यांसमोर आपल्याला झापेल, याची वाट बघून बघून त्या पोराने ती सोडून दिली असणार. रागाचा मात्र कारखाना झाला. आणि तो जितका तापट, तितके भाऊ मऊ. ते जितके मऊ, तितका तो तापट. मी समोरच्या दारातून वीस वर्षं हे बघितलं. मध्ये पडले नाही, कारण मध्ये पडले तर ओट्याजवळची ती गोष्ट निघेल अशी मला भीती होती. हे आज लिहितानाही बरं वाटत नाहीये.

सुजित चोवीस वर्षांचा होता तेव्हा सांताक्रूझला विमानतळावर कार्गोमध्ये लागला होता. तिथल्याच एका मुलीशी त्याला लग्न करायचं होतं. मुलगी बौद्ध, चांगल्या घरातली, वडील तिचे बँकेत. भाऊंना त्यात काही वावगं वाटायचं कारण नव्हतं आणि वाटलंही नसेल. पण सुजितने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

मला माझ्या घरात ऐकू आलं पुढचं सगळं. "माझं सोडा! तुम्हाला काय वाटतं? हो म्हणा नाहीतर नाही म्हणा! नाही म्हणा ना यार पप्पा, एकदा तरी नाही म्हणा मला!" मग फाडकन आवाज आला.

दोन मिनिटांनी माझी बेल वाजली. दारात भाऊ. ओठ फुटलेला, शर्टाच्या कॉलरवर रक्त. "ताई, बर्फ आहे का?" मी त्यांना आत घेतलं, फडक्यात बर्फ बांधून दिला. ते सोफ्यावर बसले आणि हसले. खरंच हसले. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा इतका सैल झालेला मी पाहिला नव्हता.

"मी म्हटलं नव्हतं?" ते म्हणाले. "तेच आहेत. हात पण तोच."

मला त्या माणसाची त्या क्षणी किळस आली. चोवीस वर्षं तो या एका थपडेची वाट बघत होता, आणि ती मिळाली तेव्हा त्याला बरं वाटलं. माझं दार उघडंच होतं. जिन्यात सुजित बसला होता, डोकं गुडघ्यांत घालून. त्याने ते ऐकलं. वर बघितलं, उठला आणि खाली उतरून गेला. कुर्ल्याला मित्राच्या खोलीवर राहायला लागला, तो परत आलाच नाही. मुलीनेही पुढे नाही म्हणून सांगितलं. बापावर हात टाकणारा मुलगा कोण पत्करणार?

पाच-सहा वर्षांनी वहिनी गेली ती याच काळजीत. सुजित स्मशानात आला, बापापासून दहा हात लांब उभा राहिला आणि तसाच निघून गेला. त्यानंतर दोन वर्षांनी भाऊंना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी दीपाला फोन केला. ती लग्न होऊन नाशिकला होती. आली, बापाच्या उशाशी बसून ढसाढसा रडली, चार दिवसांनी मुलांची शाळा म्हणून गेली. तिच्यावर माझा राग नाही, तिला ते बघवतच नव्हतं. मी घाबरत घाबरत सुजितला फोन केला. तो एवढंच म्हणाला, "बघतो काकू."

संध्याकाळी तो बॅग घेऊन दारात उभा होता.

त्याने कार्गोत सकाळची पाळी मागून घेतली. सकाळी एक बाई ठेवली, दुपारी दोननंतर सगळं तो स्वतः. अंघोळ, डायपर, अंथरुणातल्या जखमा धुणं. स्वभाव काही बदलला नव्हता. खाली पार्किंगवरून लोकांशी भांडायचा, गॅसवाल्याशी भांडायचा, एकदा रागाच्या भरात फोन आपटून फोडला. मी एके दिवशी भाऊंसाठी मऊ पेज घेऊन गेले. म्हटलं, बघावं तरी कसा भरवतो.

सुजितने त्यांना उशांना टेकवून बसवलं, गळ्याला रुमाल बांधला आणि चमचा उचलला. चमचा तोंडाजवळ आला, तसा भाऊंचा डावा हात वर गेला. कोपर कपाळावर, डोळे घट्ट मिटलेले, मान खांद्यात. मारापासून तोंड वाचवतात तसा. सुजितने चमचा परत वाटीत ठेवला आणि थांबला. मिनिटभराने हात हळूहळू खाली आला. त्याने घास भरवला. दुसरा चमचा उचलला. हात पुन्हा वर.

वाटीभर पेजेला सव्वा तास लागला.

माझ्याच्याने बघवेना. "रोज असं?"

"प्रत्येक घासाला."

"आणि ती बाई भरवते तेव्हा?"

"तिच्याकडून नीट खातात. दीपाकडून पण. माझाच हात आला की असं करतात."

"मग तिलाच संध्याकाळचंही सांग ना रे."

"नाही काकू." त्याने रुमालाने बापाचं तोंड टिपलं. "एक दिवस असं नाही करणार ते. कळेल त्यांना."

मी खूप दिवस मनात ठेवलं होतं ते तेव्हा बोलले. "सुजित, ते आजोबांचं मी तुला सांगायला नको होतं रे."

तो हसला, थोडंसंच. "तुम्ही सांगायच्या आधीपण ते घाबरतच होते ना. तुम्ही नुसतं, का घाबरतात ते सांगितलंत."

चौदा महिने त्याने हे केलं. गॅसवाल्यावर शिव्या झाडणारा तो मुलगा, बापाचा हात खाली यायची वाट बघत चमचा घेऊन बसायचा, रोज, दोन्ही वेळा, आणि एकदाही त्याचा आवाज चढलेला मी ऐकला नाही. भाऊंनी ते बघितलं का, त्यांना काही कळलं का, मला सांगता येणार नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर तोच होता, ज्याला ते जन्मभर ओळखत होते.

भाऊ गेले त्या दिवशी दुपारी मी समोर गेले तेव्हा अजून कुणी आलं नव्हतं. सुजित पलंगाच्या कडेला बसला होता. स्टुलावर सकाळची अर्धी वाटी पेज.

"काकू, काल रात्री हात वर आला नाही," तो म्हणाला. "एकदाही नाही. मी सगळी वाटी भरवली. मला इतकं बरं वाटलं ना, मी दीपाला फोन करून सांगितलं."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"सकाळी डॉक्टर आले," तो म्हणाला. "म्हणाले, कालच डावी बाजूपण गेली असणार."